घडीचा लाइट बॉक्स: चपलेला उत्तम, वाइनच्या बाटलीला थोडी मशागत लागते

नारायण पेठेत माझं डीटीपीचं ऑफिस आहे. लग्नपत्रिकांची कामं आटली, त्यांची जागा मेन्यूकार्डांनी घेतली. कोरेगाव पार्कातल्या एका रेस्टॉरंटला वाइनच्या कार्डात प्रत्येक बाटलीचा फोटो हवा होता. फोटोग्राफरचे पैसे मात्र द्यायचे नव्हते. ‘तुमच्या फोनवर काढा की,’ असं मालकांनी सांगितल्यावर मी हा लाइट बॉक्स, म्हणजे वस्तू आत ठेवून फोटो काढायची दिव्यांची पेटी, मागवला. ४० सेंमीचा चौकोनी, घडी होणारा, आत चांदीसारखं चकाकतं कापड, वर एलईडीच्या दोन पट्ट्या, डिमर, यूएसबीची वायर आणि वस्तूच्या मागे लावायचे चार रंगांचे पडदे. किंमत १४५० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल दहा नावांनी विकला जातो.

आधी माप. यात ३० सेंमीचाही बॉक्स मिळतो, स्वस्त असतो, पण बाटलीसाठी घेऊ नका. ७५० मिलिची साधी बाटलीच ३० सेंमीच्या आसपास उंच असते, स्पार्कलिंगची त्याहून उंच आणि पोटाला जाड. ४०च्या बॉक्समध्ये बाटली मावते, पण डोक्यावर चार बोटंच उरतात. पट्ट्या थेट बुचावर येतात आणि मानेवरचं फॉइल पांढरंफटक दिसतं. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी ६०चाच घेईन.

विकणाऱ्यांनी नमुना म्हणून चपला, पर्स आणि कानातल्यांचे फोटो दिलेत. एकाही फोटोत बाटली नाही, आणि बॉक्स उघडल्यावर कारण कळतं. काचेची बाटली म्हणजे गोल आरसा. एलईडीचा एकेक दाणा तिच्या खांद्यावर मण्यांच्या सरीसारखा उमटतो. पुढची बाजू उघडी असल्यामुळे मधोमध काळा पट्टा येतो आणि त्यात फोन धरून उभे आपण. माझा चेकचा शर्ट लाल वाइनवर अगदी स्पष्ट वाचता येत होता.

यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. अप्पा बळवंत चौकातून बटर पेपर आणि काळा कार्डशीट आणला. बटर पेपर पट्ट्यांना चिकटवायचा नाही, त्यांच्याखाली दोन-तीन बोटं अंतर सोडून ताणून बांधायचा, मग दाणे विरघळून सलग उजेड होतो. पुढचा पडदा लावायचा आणि फोन त्याच्या फटीतून आत बघू द्यायचा.

खरी गंमत काळ्या कार्डशीटची. लाल वाइनच्या गडद हिरव्या बाटलीला चोहीकडून पांढरा उजेड दिला की ती दुधाळ आणि सपाट दिसते. आतल्या भिंती काळ्या कागदाने झाकल्या आणि डाव्या-उजव्या बाजूला एकेक उभी पांढरी फट ठेवली, की बाटलीच्या दोन्ही कडांवर वरपासून खालपर्यंत स्वच्छ रेघ येते आणि तिला गोलाई मिळते. पारदर्शक बाटलीतल्या व्हाइट वाइनला नेमकं उलट करायचं. उजेड मागच्या पांढऱ्या पडद्यावर टाकायचा आणि काळे कागद बाटलीच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जेमतेम बाहेर उभे करायचे. कडा काळ्या होतात, आतला सोनेरी रंग उजळतो. मालकांना ही व्हाइटच सगळ्यात आवडली.

लेबलवर सोनेरी फॉइल असेल तर समोरून एक पांढरा कागद तिरका धरा. सोन्याला प्रतिबिंब दाखवायला काहीतरी उजळ लागतं, नाहीतर अक्षरं काळी येतात. छपाईत अशी अक्षरं हमखास तक्रार घेऊन येतात, म्हणून हे मी बारकाईने बघितलं.

डिमर नावालाच आहे. उजेड कमी केला की फोनच्या स्क्रीनवर आडव्या पट्ट्या सरकायला लागतात, कारण हा डिमर दिव्यांची झपाट्याने उघडझाप करून उजेड कमी करतो आणि आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. दिवे पूर्ण ठेवा. फोनवर लेबलला बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) लॉक करा, मग एक्स्पोजर थोडं खाली ओढा. लाल रंगाच्या बाबतीतही या एलईडी कंजूष आहेत. मरून लेबल विटकरी आलं आणि मला ते नंतर कॉम्प्युटरवर सुधारावं लागलं.

फोन जवळ नेऊन वाइड लेन्सने काढलं तर बाटली बेढब दिसते. मागे सरका, २एक्सची लेन्स लावा, फोन लेबलच्या उंचीला आणा. वरून झुकवला तर बाटली तळाशी निमुळती होते. पोर्ट्रेट मोडला हात लावू नका, तो काचेची कड आणि पार्श्वभूमी यांत गोंधळतो आणि मान अर्धवट खातो.

इतकं करायचंच तर खिडकीत का नाही? खिडकीत जमतं, आणि पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी बॉक्सपेक्षा चांगलं जमतं. पण आमच्या गल्लीत उजेड फार थोडा वेळ येतो, आणि बाटल्या रेस्टॉरंट बंद असतानाच मिळायच्या, तेव्हा काम रात्रीवर गेलं. शिवाय खिडकीत ओळीने बाटल्या मांडल्या असत्या, तर समोरच्या काकूंनी माझी चौकशी आईपर्यंत पोहोचवली असती. बॉक्सला आडोसा असतो, हा फायदा कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नाही.

पडदे पातळ आहेत. घडीच्या रेषा फोटोत दिसतात, इस्त्री कोमटच फिरवा. वायर आखूड आहे. पट्टी गेलीच तर विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत तशी सुटी शोधता येईल, त्यामुळे तिची मला काळजी नाही.

लेबलचे जवळून फोटो, साबण, लोणच्याच्या बरण्या, दागिने यांसाठी पैसे वसूल आहेत. फक्त वाइनसाठी घेणार असाल तर बटर पेपर आणि काळ्या कागदाचे पैसे, शिवाय एक संध्याकाळ त्यात धरा. माझ्याकडून पाचपैकी तीन. बाटलीसाठी ६० सेंमीचा बघा.