रुंद सीट आणि पॅडची शॉर्ट : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पणजीहून जुने गोवे येथे कामावर जाण्यायेण्यासाठी मी उन्हाळ्यात सायकल घेतली. सायकल उत्तम निघाली, पण पहिल्या आठवड्यातच बसणे नकोसे झाले. त्यावर उपाय म्हणून घेतलेल्या दोन वस्तूंविषयी, म्हणजे मधोमध खाच असलेली 155 मिलिमीटर रुंदीची सीट आणि पॅड शिवलेली बिब शॉर्ट (खांद्यावरून पट्टे असलेली सायकलची शॉर्ट) यांविषयी, अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

सायकलवर बसून होणारा त्रास एकाच प्रकारचा नसतो, आणि तो ओळखल्याशिवाय पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. बैठकीच्या दोन हाडांखाली ठणका लागत असेल तर तो बहुधा नवखेपणाचा असतो आणि नियमित, थोडे थोडे अंतर चालवल्यास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. मांडीच्या आतल्या बाजूला कापड काचून कातडी लाल होते, तो घर्षणाचा आणि घामाचा प्रश्न आहे. तिसरा प्रकार बधिरपणाचा, म्हणजे नाजूक भागाला मुंग्या येण्याचा. तेथे नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जात असतात, त्यामुळे तो ‘सवयीने जाईल’ म्हणून कधीही सोसू नये. मला तिन्ही प्रकार भोगावे लागले.

सायकलबरोबर दुकानदाराने जेलचे मऊ कव्हर भेट दिले होते. हाताने दाबून पाहिले की ते फार सुखाचे वाटते. प्रत्यक्षात हाडे त्यात रुततात, जेल बाजूला सरकून मधल्या भागात वर येते आणि जिथे भार पडू नये नेमका तिथेच पडतो. बधिरपणाचा त्रास मला या कव्हरनेच वाढला. सीट निवडताना मऊपणापेक्षा रुंदी पाहावी, हे माझे आता ठाम मत झाले आहे. रुंदी घरच्या घरी मोजता येते. कडक स्टुलावर पन्हळी पुठ्ठा ठेवून त्यावर जरा पुढे वाकून बसावे, उठल्यावर उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजावे आणि त्यात 20 ते 30 मिलिमीटर मिळवावेत. माझे अंतर 128 भरले आणि सायकलवर मूळची सीट होती ती 140 ची. स्त्रियांच्या हाडांमधले अंतर सरासरीने अधिक असते, ही साधी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

नवी सीट हाताला चांगलीच टणक लागते आणि पहिले काही दिवस हाडे दुखलीही, पण बधिरपणा लगेच कमी झाला. तरी सगळे श्रेय सीटला देणे योग्य होणार नाही, कारण ती बसवताना उंचीही दुरुस्त करून घेतली. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय जेमतेम सरळ व्हावा, इतकी उंची पुरते. सीट त्याहून वर असली तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवी डोलते आणि मांड्या काचतात. सीटचे टोक वर असल्यास मध्यभागी दाब येतो, खाली असल्यास शरीर पुढे घसरून भार मनगटांवर जातो. म्हणून मोबाईलमधील सपाटी दाखवणारी लेव्हल लावून ती सपाट ठेवली. टायरच्या कडेवर छापलेला हवेचा आकडा ही कमाल मर्यादा असते, हेही तेव्हाच कळले. 32 मिलिमीटरच्या टायरमध्ये मी 50 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपास हवा ठेवते, त्यामुळे खड्ड्यांचे हादरे पुष्कळ कमी झाले.

गंमत अशी की फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढणीपेक्षा मला कामाच्या वाटेवरचा रायबंदरचा सपाट रस्ता अधिक जाचक वाटतो. पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये मिठागरांच्या कडेने बांधलेला हा सुमारे 3 किलोमीटरचा बांध सरळ असल्यामुळे तिथे सीटवरून उठण्याचे निमित्तच मिळत नाही. चढणीवर माणूस आपोआप उभा राहून पेडल मारतो. आता सपाटीवरही दर दहा मिनिटांनी काही क्षण उभी राहते.

शॉर्टविषयी मत संमिश्र आहे. पॅड सरकत नाही, पोटावर इलॅस्टिक रुतत नाही आणि काचणे जवळजवळ थांबले, मात्र ती अंतर्वस्त्राशिवायच घालायची असते; आत शिवण असलेले दुसरे कापड आले की पॅडचा उपयोगच उरत नाही. बिबचे पट्टे खांद्यावरून असल्याने स्वच्छतागृहात गेल्यावर वरचा शर्ट उतरवावा लागतो. स्त्रियांनी याचा विचार करूनच बिब घ्यावी, नाहीतर कमरेची साधी शॉर्ट पुरे.

खरी परीक्षा जुलैमध्ये झाली. त्या दिवसांत आमच्याकडे कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी येते, तिथे जाड पॅड एका रात्रीत वाळणे अशक्य. दमट शॉर्ट पुन्हा घातल्यावर केसांच्या मुळाशी बारीक पुरळ उठले आणि त्यातल्या एकाचे गळू झाले. त्वचारोगतज्ज्ञांनी औषधाबरोबर सायकलला पूर्ण विश्रांती सांगितली. तेव्हापासून दुसरी शॉर्ट घेतली आहे. पोहोचताच कपडे बदलून अंग धुते, शॉर्ट उलटी करून साध्या साबणाने धुते आणि पॅडची बाजू वर ठेवून पंख्याखाली वाळवते. कपडे मऊ करणारे द्रव्य वापरत नाही, कारण त्याने कापडाची घाम शोषून बाहेर टाकण्याची क्षमता घटते. याच हवेमुळे, कितीही स्तुती ऐकली तरी, चामड्याची सीट पावसाळी वापरासाठी मी घेणार नाही.

काचू नये म्हणून मिळणारे क्रीम लांब पल्ल्याला उपयोगी पडते. खोबरेल तेल कामापुरते चालते, पण तासाभरात जिरते, आणि आधीच पुरळ असेल तर दोन्ही टाळलेले बरे.

सध्याची स्थिती सांगायची तर सीटचा आकार जराही बदललेला नाही. फेरीबोटीच्या कठड्याला टेकून एका कडेचे आवरण तेवढे खरचटले आहे. पहिल्या शॉर्टचा पॅड मात्र हाडांच्या जागी दबून बोटाला पातळ लागू लागला आहे, त्यामुळे ती आता फक्त बाजारापर्यंतच्या फेऱ्यांसाठी ठेवली आहे.