फोनमधला फोटो उडवला तर संगणकावरचा राहील का? केबल, क्लाउड, सिंकथिंग आणि इतर पर्याय

फोन आणि संगणक जोडून ठेवायचे असतील तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं कुणी विचारलं की मी आधी एकच प्रश्न विचारते. फोनमधला एक फोटो उडवलात, तर संगणकावरच्या प्रतीचं काय व्हायला हवं? ती राहायला हवी असेल, तर तुम्हाला कॉपी किंवा बॅकअप हवा आहे. तीही जायला हवी असेल, तरच सिंक, म्हणजे दोन्हीकडे कायम सारखंच ठेवणं, हवं आहे. वेग, सोय, पैसे हे सगळं त्यानंतर.

हा प्रश्न मी दोन वर्षांचे फोटो गमावल्यावर विचारायला शिकले. फोनची जागा भरली होती. संगणकावर सगळं सिंक झालंय या भरवशावर मी फोनमधला कॅमेऱ्याचा फोल्डर रिकामा केला. संगणक चालूच होता. थोड्याच वेळात तिथला फोल्डरही रिकामा झाला. सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. दोन्हीकडे सारखं ठेव असं त्याला सांगितलेलं होतं आणि त्याने ते चोख पाळलं.

१९९६मध्ये पायलट नावाचा हातातला संगणक आला, तेव्हा ही गोष्ट वापरणाऱ्यापासून लपवलेली नव्हती. संगणकाला जोडलेल्या पाळण्यासारख्या स्टँडमध्ये उपकरण ठेवायचं, हॉटसिंकचं बटण दाबायचं. पण प्रत्येक प्रकारच्या माहितीसाठी चार पर्याय समोर असत: दोन्हीकडे जुळवा, संगणकावरचं हातातल्यावर लिहा, हातातलं संगणकावर लिहा, काहीच करू नका. एखादी नोंद पुसायला गेलात, तर संगणकावर तिची प्रत जपून ठेवू का, असंही ते विचारायचं. आजची सॉफ्टवेअर हे पर्याय सेटिंगच्या तिसऱ्या पानावर ठेवतात, किंवा ठेवतच नाहीत. म्हणून खाली प्रत्येक पर्यायाकडे याच अंगाने पाहिलं आहे.

केबल

डिलीटच्या बाबतीत सगळ्यात निर्धोक. जे कॉपी केलं ते तुमचं. फोनमध्ये नंतर काय होतं याच्याशी त्याचा संबंध उरत नाही.

केबलने जोडलेला अँड्रॉइड फोन संगणकावर पेन ड्राइव्हसारखा दिसतो, पण तो तसा चालत नाही. २०११च्या सुमारास अँड्रॉइडने एमटीपी ही पद्धत घेतली. तिच्यात मेमरीचा ताबा फोनकडेच राहतो. संगणक फाइल मागतो, फोन देतो, आणि एका वेळी एकच काम चालतं. म्हणून हजारो फोटो असलेला फोल्डर उघडताना यादी दिसायलाच वेळ लागतो. त्या वेळी केबल उपटू नका, फोन अडकलेला नसतो.

फोन दिसतच नसेल तर ड्रायव्हर शोधत बसण्याआधी केबल बदला. बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या ताराच नसतात. मग फोनचं लॉक उघडा आणि यूएसबीच्या नोटिफिकेशनमध्ये 'फाइल ट्रान्सफर' निवडा, कारण बहुतेक फोन सुरुवातीला नुसतं चार्जिंग घेतात. विंडोजची 'एन' आवृत्ती (मीडियाची सॉफ्टवेअर वगळून दिलेली) असेल तर मीडिया फीचर पॅक वेगळा टाकावा लागतो, त्याशिवाय एमटीपी चालत नाही. मॅकमध्ये एमटीपीची सोय मुळातच नाही. गूगलचं अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर २०२४मध्ये बंद झालं. मी आता त्याऐवजी ओपनएमटीपी हे ॲप सुचवते.

आणि कट-पेस्ट कधीच करू नका. कॉपी करा, दोन्हीकडच्या फायलींची संख्या ताडून पाहा, दोन-चार फोटो उघडून पाहा, मगच फोनमधले काढा.

आयफोनवाल्यांसाठी थोडं वेगळं. मॅकवर २०१९च्या कॅटलिना आवृत्तीपासून आयट्यून्सचं हे काम फाइंडरकडे आलं, विंडोजवर आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हाइसेस लागतं. जोडल्यावर फोनवर 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का' असं विचारलं जातं. तिथे नाही म्हटलं तर फोनमधलं काहीच दिसत नाही. विंडोजमध्ये फोटो कॉपी करताना मधेच 'जोडलेलं उपकरण चालत नाही' अशा अर्थाचा एरर आला, तर फोनच्या फोटो सेटिंगमध्ये तळाशी 'ऑटोमॅटिक'ऐवजी 'कीप ओरिजिनल्स' निवडा. ऑटोमॅटिकवर असताना फोन प्रत्येक हेइक (आयफोनच्या नेहमीच्या फॉरमॅटमधला) फोटो जाता जाता जेपेगमध्ये बदलत असतो आणि त्या गडबडीत जोडणी तुटते.

आयफोनमध्ये डिलीटचा सापळा आहे तो गाण्यांच्या बाजूला. संगणकातून भरलेली गाणी एका वेळी एकाच लायब्ररीशी जुळतात. दुसऱ्या संगणकाला जोडून सिंक करू पाहिलं की 'इरेज अँड सिंक' असं बटण समोर येतं. त्यातला पहिला शब्द नीट वाचा. बॅकअप घेताना मात्र 'एन्क्रिप्ट' नक्की निवडा, कारण तसं न केल्यास साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याची माहिती त्यात येत नाही. त्या बॅकअपचा पासवर्ड लिहून ठेवा, तो हरवला तर बॅकअप उघडता येत नाही.

क्लाउड

म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवणं. बसवायला सगळ्यात सोपा, समजायला सगळ्यात फसवा. गूगल १५ जीबी फुकट देतं, आयक्लाउड आणि वनड्राइव्ह प्रत्येकी ५ जीबी. एका फोनच्या फोटोंना एवढं फार दिवस पुरत नाही, हे धरूनच चाला.

आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोनमधून उडवलेला फोटो सगळ्या उपकरणांवरून जातो. गूगल फोटोजमध्ये साधं डिलीट तसंच, पण 'फ्री अप स्पेस' फक्त फोनमधली प्रत काढतं. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक जागा करायला जाऊन आठवणी घालवतात. परत मिळवायची मुदतही सारखी नाही: आयक्लाउडमध्ये ३० दिवस, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोंना ६०. दुसरं म्हणजे गूगल फोटोज संगणकाच्या फोल्डरमध्ये आपोआप उतरत नाहीत. ड्राइव्ह आणि फोटोज यांचा तो दुवा २०१९मध्येच तुटला.

तिसरी अडचण संगणकाच्या बाजूची. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फायलीचं नाव दिसतं, पण शेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती संगणकावर उतरलेली नाही. इंटरनेट नसताना ती उघडणार नाही. जी हाताशी लागतेच, तिच्यावर राइट क्लिक करून ती कायम या उपकरणावर ठेवायला सांगा.

तरीही फोन हरवण्याची, फुटण्याची भीती हीच मुख्य काळजी असेल, तर मी क्लाउडच सुचवेन. केबल लावायची आठवण माणसाला राहत नाही. फोन आणि संगणक दोन्ही एकाच वेळी बिघडले तरी क्लाउडमधलं शाबूत असतं.

सिंकथिंग

माझं सगळ्यात आवडतं, आणि माझे फोटोही गेले ते याच प्रकारच्या व्यवस्थेत. २०१३पासून बनत आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर फायली मधल्या कुणाच्या सर्व्हरवर न साठवता एका उपकरणातून थेट दुसऱ्यात नेतं. खातं नाही, जागेची मर्यादा नाही. त्याचा सगळा कारभार ब्राउझरमध्ये, ८३८४ या पोर्टवर (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं नेटवर्कचं दार) उघडतो. प्रत्येक उपकरणाला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. तो क्यूआर कोडने दुसऱ्यात घालायचा आणि दोन्ही बाजूंनी होकार द्यायचा. नवखा माणूस अडतो तो इथेच: एका बाजूने जोडलं, दुसऱ्या बाजूची विनंती तशीच पडून राहिली.

आता मुख्य गोष्ट. फोल्डरचे प्रकार असतात: पाठवा-घ्या, फक्त पाठवा, फक्त घ्या. फोनवर 'फक्त पाठवा' आणि संगणकावर 'फक्त घ्या' ठेवलं की बॅकअप झाला, असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटलं होतं. तसं होत नाही. फोनमधलं डिलीट हासुद्धा एक बदल आहे, आणि तोही पाठवला जातो. त्यावर उपाय म्हणजे संगणकावरच्या फोल्डरला फाइल व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती जपण्याची सोय, चालू करणं. ते आपोआप चालू नसतं. 'ट्रॅश कॅन' निवडलंत की फोनकडून आलेल्या डिलीटमुळे जाणाऱ्या फायली एका लपलेल्या फोल्डरमध्ये जपल्या जातात. मात्र ते संगणकावरच लावा, कारण व्हर्जनिंग फक्त दुसऱ्या उपकरणाकडून आलेले बदल जपतं. तुम्ही तिथेच बसून हाताने काही उडवलंत तर ते यात सापडणार नाही.

'डिसकनेक्टेड' दिसत असेल तर या क्रमाने पाहा. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर आहेत का? पाहुण्यांसाठीच्या वायफायवर उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. विंडोजने ते नेटवर्क 'पब्लिक' धरलंय का? फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) २२००० आणि २१०२७ ही पोर्ट मोकळी आहेत का? यानंतरही फोन अधूनमधून गायब होत असेल, तर दोष बहुधा बॅटरीच्या काटकसरीचा असतो. अँड्रॉइड ॲपला मागे झोपवतं. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून सिंकथिंगला वगळा, आणि ॲपच्या आत 'फक्त वायफायवर', 'फक्त चार्जिंगला असताना' या अटी काय लावल्या आहेत ते पाहा. एखादीच फाइल अडली असेल तर तिच्या नावात विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह आहे का बघा, विंडोजला ते नावात चालत नाही.

एकच फाइल दोन्हीकडे बदलली गेली तर जुनी प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असं नाव घेऊन शेजारी उभी राहते. ती न वाचता उडवू नका.

अँड्रॉइडसाठीचं मूळ अधिकृत ॲप डिसेंबर २०२४मध्ये थांबलं. त्यामुळे आता सिंकथिंग-फोर्क ही वेगळी आवृत्ती घ्यावी लागते. आयफोनवर मोबियस सिंक आहे, पण आयफोन ॲपला मागे फार काळ चालू देत नाही, म्हणून अधूनमधून उघडावं लागतं. आयफोन असेल तर मी हा मार्ग सुचवत नाही.

केडीई कनेक्ट आणि फोन लिंक

ही दोन्ही वेगळ्या कामाची. इथे फोल्डर जुळवले जात नाहीत. फोनची नोटिफिकेशन संगणकावर दिसणं, कॉपी केलेला मजकूर पलीकडे पेस्ट करणं, पटकन एक फाइल पाठवणं यासाठी ती उत्तम आहेत. डिलीटचा धोका म्हणाल तर जवळपास नाहीच. विंडोजवर फोन लिंक आधीच असतं (२०२२पर्यंत त्याचं नाव युअर फोन होतं). लिनक्सवर केडीई कनेक्टला तोड नाही. त्याला १७१४ ते १७६४ ही पोर्ट लागतात, आणि क्लिपबोर्ड (कॉपी केलेला मजकूर) फोनकडून संगणकाकडे आपोआप जात नसेल तर ते बिघडलेलं नाही. अँड्रॉइड १०पासून मागे चालणाऱ्या ॲपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही, तेवढ्यापुरतं बटण दाबावं लागतं.

संपर्क आणि कॅलेंडर मात्र फायलींच्या सिंकमध्ये घालू नका. त्यांना कार्डडॅव्ह आणि कॅलडॅव्ह या पद्धती आहेत, अँड्रॉइडवर डॅव्हएक्स५ हे ॲप ते काम करतं. इथे दोन्हीकडे सारखं असणंच बरोबर आहे, कारण बदललेला नंबर सगळीकडे बदललेला हवा.

कुठलाही पर्याय निवडलात तरी खऱ्या फोटोंचा फोल्डर पहिल्याच दिवशी जोडू नका. 'चाचणी' नावाचा फोल्डर करा, त्यात तीन फायली ठेवा. एक फोनमधून उडवा. दुसरी संगणकावरून उडवा. मग वायफाय बंद करून तिसरी दोन्हीकडे वेगवेगळी बदला आणि वायफाय परत चालू करा. दहा मिनिटांनी दोन्ही फोल्डर उघडून पाहा आणि उडवलेल्या दोन्ही फायली परत आणता येतात का ते करून बघा. त्या परत आल्या, की मग कॅमेऱ्याचा फोल्डर जोडा.