पिशवीच्या तोंडाची सरकारी तपासणी: सोय चांगली, घाई घातक

मराठवाड्यात उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत, काही ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रांतही, ३० ते ६५ वयाच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, कर्करोगासाठी व्हीआयए तपासणी (आम्ल लावून नुसत्या नजरेनं बघणं) मोफत होते. दर पाच वर्षांनी एकदा ती करून घ्यायची असते. ही सोय चांगलीच आहे. पण तपासणीचा भरवसा एका मिनिटावर ठरतो, आणि गर्दीच्या शिबिरात नेमकं तेच मिनिट मारलं जातं.

स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरायचं साधन) घालून पिशवीचं तोंड नीट दिसेल असं करतात आणि त्यावरचा चिकट स्राव कापसाच्या बोळ्यानं टिपून घेतात. दुसरा बोळा पाच टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये भिजवून तोंडावर लावतात. चायनीजच्या गाड्यावर व्हिनेगर असतं, त्यातलंच हे आम्ल. जरा चुणचुणतं, भूल लागत नाही. मग घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट थांबायचं. बाहेरचं गुलाबी आणि आतलं लालसर अस्तर जिथं मिळतं, त्या रेषेला लागून दाट पांढरा, ठळक कडेचा डाग उठला तर तपासणी पॉझिटिव्ह. फिकट, पुसट, रेषेपासून लांबचा पांढरेपणा बहुतेक वेळा सुजेचा किंवा नव्यानं भरून येणाऱ्या अस्तराचा असतो.

वीस सेकंदांत बघून "नॉर्मल" लिहिलं तर डाग उठायच्या आधीच कागद भरला गेला. मोबाईलच्या टॉर्चवर काम भागवणं हीही तशीच चूक. तोंडावर थेट पडणारा हॅलोजनसारखा पांढरा उजेड लागतो. तिसरी गोष्ट द्रावणाची. ५ मिलि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ९५ मिलि पाण्यात घालून ते रोज ताजं करायचं असतं. उघड्या बाटलीतलं जुनं द्रावण कमजोर होतं आणि डाग दाखवत नाही. पाणी न मिसळलेलं चुकून लावलं तर अस्तर भाजतं. बाटलीवर आजची तारीख आहे का, हे सिस्टरला खुशाल विचारा.

पन्नाशीनंतर, पाळी गेली की ती रेषा आत सरकते आणि दिसतच नाही. अशा बाईला व्हीआयएवर "सगळं ठीक" सांगणं बरोबर नाही. तिला पॅप (तोंडावरच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) किंवा एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणीला पाठवायला हवं. एचपीव्ही तपासणी किती सरस, हे आपल्याच भागात सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. एकाच एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या व्हीआयएनं तसा ठळक फरक पडला नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र दर दोन वर्षांनी व्हीआयए केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणून एकदा करून सोडून देऊ नका.

केसपेपरवर एक रकाना हमखास कोरा राहतो: लग्न कितव्या वर्षी झालं. आपल्याकडे हाच रकाना सगळ्यात महत्त्वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं. परभणीत ४८, बीडमध्ये जवळपास ४४. पंधरा-सोळाव्या वर्षी पिशवीच्या तोंडाचं अस्तर अजून बदलत असतं, कोवळं असतं. त्यात एचपीव्ही विषाणू सहज शिरतो. पुढं लवकर बाळंतपण, तीन-चार मुलं, तंबाखू, एचआयव्ही यांनी धोका आणखी वाढतो. नवऱ्याचे बाहेर संबंध असतील तर पदर न ढळलेल्या बाईलाही लागण होते, तेव्हा हा आजार म्हणजे बाईच्या वागण्याचा दाखला नव्हे. बहुतेकींचा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यात कर्करोग व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात. पंधराव्या वर्षी लग्न झालेली बाई तिशीत आली की तो हिशेब पुरा होतो. तिची तिशीची तपासणी चुकता कामा नये.

शिबिरांचा महिनाही चुकतो. दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, साखर कारखान्यांवर गेलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत बीड, पाटोदा, शिरूरच्या गावात म्हातारी माणसंच भेटतात. उसतोडीच्या बायकांसाठी मे ते सप्टेंबर हाच काळ. अंगावरून पांढरं जातंय एवढ्यावरून "कॅन्सर होईल" म्हणून पिशवी काढायला लावण्याचे प्रकार याच बायकांच्या वाट्याला आले, म्हणून तर ही फुकटातली तपासणी त्यांच्यापर्यंत आधी पोचायला हवी. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, आणि पिशवी काढणं तर नव्हेच. डाग लहान असेल, आत गेलेला नसेल, तर क्रायोनं, म्हणजे अतिथंड वायूच्या यंत्रानं, तो गोठवतात: तीन मिनिटं गोठवणं, पाच मिनिटं सोडणं, पुन्हा तीन मिनिटं. नंतर तीन-चार आठवडे पाण्यासारखं जातं, ते अपेक्षितच आहे. महिनाभर संबंध टाळायचे. डाग मोठा किंवा संशयास्पद असेल तर दुर्बिणीनं बघून तुकडा तपासतात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात पुढचे उपचार होतात.

घरात ९ ते १४ वयाची मुलगी असेल तर पुण्याच्या सीरमची एचपीव्हीवरची सर्व्हाव्हॅक लस सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही.

जाताना पाळी संपल्यावरचा दिवस धरा, आदल्या दिवशी संबंध नकोत, आत औषधाची गोळी ठेवू नका. संबंधानंतर लाल जात असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर शिबिराची वाट बघू नका, थेट जिल्हा रुग्णालयात जा. आणि निकाल तोंडी घेऊ नका. कागदावर लिहून घ्या, पुढची तारीख टाकून.