व्हे कॉन्सन्ट्रेट पावडर: चमचा सोडा, वजनकाटा वापरा
बिनचवीचं, सुमारे ८० टक्के प्रथिनांचं व्हे कॉन्सन्ट्रेट (चीज करताना उरणाऱ्या दुधाच्या पाण्यापासून बनवलेली प्रथिनांची पावडर) वजन उतरवणाऱ्यांच्या कामाचं आहे. ३० ग्रॅम पावडरीत साधारण २३ ग्रॅम प्रथिनं, १२० कॅलरी. पोट बराच वेळ भरलेलं राहतं. खाणं कमी केल्यावर स्नायू टिकायलाही मदत होते, अर्थात सोबत वजनं उचललीत तर. डब्यातला चमचा मात्र फसवा. दाबून भरला की पावडर जास्त जाते, तेव्हा काट्यावरच मोजा. शेकरमध्ये आधी २५० मिली गार पाणी, मग पावडर. उलटं केलंत तर तळाशी लगदा चिकटून बसतो. उकळत्या पाण्यात नुसत्या गुठळ्या! दुधाने पोट फुगत असेल तर आयसोलेट, म्हणजे व्हेचाच जास्त गाळलेला प्रकार घ्या, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) अगदी कमी. पूर्ण जेवणावर वरून प्यायलात तर कॅलरी वाढतील, वजन हलणार नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच.