कोलोरॅडोच्या घाटात ट्रेलर ओढताना: 3.92 ॲक्सल रेशोचा अनुभव

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, त्यामुळे आमचा ट्रेलर सपाट रस्त्यापेक्षा आय-70 महामार्गाच्या घाटातच अधिक धावतो. म्हणूनच 5.7 लिटर हेमी इंजिनाचा रॅम 1500 पिकअप ट्रक घेताना 3.21 आणि 3.55 हे पर्याय बाजूला ठेवून 3.92 चा ॲक्सल निवडला. ट्रान्समिशनकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टचे 3.92 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो; हा आकडा जितका मोठा, तितका चाकावरचा जोर अधिक आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही अधिक. गेल्या उन्हाळ्यापासून सुमारे 6000 पौंडांचा ट्रेलर ओढून झाल्यावर ही निवड मला योग्य वाटते, मात्र घाट वेगाने चढता यावा या ज्या कारणासाठी ती सुचवली जाते त्या कारणासाठी नव्हे.

घाट चढण्याचा वेग या रेशोने फारसा वाढत नाही. सिल्व्हरथॉर्नहून आयझेनहॉवर बोगद्याकडे रस्ता जवळपास 7 टक्क्यांनी चढतो आणि बोगद्याचे पश्चिमेकडील तोंड 11,158 फुटांवर आहे. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद उंचीवरच्या विरळ हवेत दर हजार फुटांमागे ढोबळमानाने 3 टक्क्यांनी घटते, त्यामुळे कागदावरची 395 अश्वशक्ती तिथे पावणेतीनशेच्या आत येते, आणि ती तूट कोणताही ॲक्सल भरून काढू शकत नाही. शिवाय आठ गिअरच्या ट्रान्समिशनमध्ये तिसऱ्या गिअरचा रेशो 2.10 आणि चौथ्याचा 1.67 आहे, म्हणजे 3.92 वाला ट्रक चौथ्यात जे काम करतो, जवळजवळ तेच 3.21 वाला तिसऱ्यात उतरून करतो.

खरा फरक पडतो तो पहिल्या गिअरमध्ये, कारण त्याच्या खाली उतरायला गिअरच नसतो. रविवारी दुपारी डेन्व्हरकडे परतणारी वाहने याच चढावर खोळंबतात, आणि मागे ट्रेलर असताना दर काही फुटांवर थांबून पुन्हा निघावे लागते. तिथे 3.21 च्या तुलनेत एक पंचमांशाहून अधिक जोर हाताशी असतो आणि ट्रक न धापता, न मागे सरकता निघतो. कॅम्पच्या चढत्या जागेत ट्रेलर रिव्हर्समध्ये लावतानाही हाच फायदा जाणवतो. उतरताना टो-हॉल मोडवर (ओझे ओढताना ट्रान्समिशन खालच्या गिअरमध्ये ठेवणारी सोय) तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 45 मैलांना इंजिन मिनिटाला 3900 फेऱ्यांच्या आसपास राहते आणि ब्रेकवर पाय अधूनमधूनच जातो. ब्रेक निकामी झालेल्या वाहनांसाठी वाटेत केलेले रनअवे रॅम्प पाहिले की या गोष्टीचे मोल कळते.

याची किंमत रिकाम्या ट्रकला जादा इंधनाच्या रूपाने मोजावी लागते. ताशी 65 मैलांना आठव्या गिअरमध्ये फेरे 1800 च्या घरात असतात, तर 3.21 ला ते 1470 च्या आसपास असतात. वर्षातून एकदाच ट्रेलर जोडणाऱ्याने 3.55 घेतला तरी भागेल.

टायर बदलणाऱ्यांनी मात्र आधी हिशेब करावा. मूळ 32 इंची टायरच्या जागी 35 इंची बसवले, तर 3.92 चा परिणाम 3.58 इतकाच उरतो. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये नंतर रेशो बदलायचा म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचे क्राउन-पिनियन (रेशो ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) बदलणे आले, तेव्हा ट्रक घेतानाच ठरवावे. आणि रेशोने ओढण्याची मर्यादा वाढली तरी दारावरच्या स्टिकरवरील पेलोड, म्हणजे ट्रकने स्वतःवर वाहायच्या वजनाची मर्यादा, वाढत नाही. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) येतो, तो याच पेलोडमधून वजा करून मगच ट्रेलर निवडावा.