ऑक्टाव्हिया आरएस २३० : घडवून घेतलेला एक्झॉस्ट, पावसाळा काढल्यानंतर

टर्बो गाडीचा एक्झॉस्ट बदलायला लोक जातात बीएचपीसाठी आणि येतात गोंगाट घेऊन. माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस पुण्यात रोज ऑफिसला जाते, सुट्टीला घाट चढते आणि बऱ्याचदा मागच्या सीटवर आई असते. त्यामुळे फॅब्रिकेटरला पहिली अट हीच घातली : हायवेला शंभरच्या वेगात गाडीत नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे.

या गाडीच्या ईए८८८ इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग, सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, म्हणजे त्याजागी हेडर्सचे मोकळे पाइप बसवायचा विषयच मिटला. उरतो डाउनपाइप (टर्बोला लागून येणारा पहिला पाइप), त्यातला कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि मागची लाइन. टर्बाइननंतरची वाट जितकी मोकळी तितकं चांगलं, आणि ताकदीचा जो काही फरक आहे तो डाउनपाइपमध्ये आहे. तिथे तीन इंची पाइप आणि २०० सेलचा, म्हणजे विरळ जाळीचा, हाय-फ्लो कॅट घेतला. कॅट उडवून टाकायचा सल्ला फुकट मिळतो. मग मागचा ऑक्सिजन सेन्सर चेक इंजिनचा दिवा पेटवतो. दिवा सॉफ्टवेअरने गप्प करता येतो, धुराचा वास नाही.

मागच्या लाइनलाही सगळे तीन इंचच सुचवत होते. अडीच इंचापेक्षा त्याचं क्षेत्रफळ ४४ टक्के जास्त, आकडा मोहात पाडणारा. पण कंपनीचाच आयएस२० टर्बो आणि साधं स्टेज १ ट्यून (फक्त सॉफ्टवेअरमधला बदल) असताना मला तो अनाठायी वाटला. शिवाय जाड पाइप खाली लोंबतो आणि आपले स्पीडब्रेकर कोणत्या मापाने बांधतात ते देव जाणे. म्हणून डाउनपाइपनंतर सगळं अडीच इंच.

खरा वेळ गेला ड्रोनवर, म्हणजे एकाच वेगाला गाडीत घुमत राहणाऱ्या एक्झॉस्टच्या आवाजावर. सहाव्या गिअरला हायवेच्या वेगात टॅकोमीटर २,२०० च्या आसपास असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात आरपीएमला ३० ने भागलं की फायरिंगची फ्रिक्वेन्सी मिळते, म्हणजे साधारण ७३ हर्ट्झ. हा आवाज कानापेक्षा कपाळात जास्त जाणवतो. त्यावर उपाय म्हणजे लाइनला जोडलेला, टोकाला बंद असलेला पाइप. त्याची लांबी लहरीच्या पाव भागाएवढी ठेवली की परत येणारी लहर मूळ आवाजाला खाऊन टाकते. हिशोब मात्र गरम वायूचा करायचा. थंड हवेतला आवाजाचा वेग धरला तर लांबी १.१७ मीटर येते. ३०० अंशांच्या वायूत ती १.६ मीटरच्या पुढे जाते. एवढा पाइप या गाडीखाली सरळ बसत नाही, तो स्पेअर व्हीलच्या खळग्याला वळसा घालून नेला. टोक आधी क्लॅम्पने बंद केलं, हायवेवर चाचण्या घेऊन थोडं थोडं कापलं आणि मगच वेल्ड केलं. संपूर्ण कामात पैसे सगळ्यात सार्थकी लागले ते इथे.

काम करणारा माणूस गाड्यांचा नव्हे, भोसरीत डेअरीच्या पाइपलाइनी करणारा. दुधाच्या लाइनीला आतून खरखरीत वेल्ड चालत नाही, त्यामुळे पाइपात आर्गॉन सोडून टिग वेल्ड मारणं हा त्याचा रोजचा धंदा. ३०४ स्टेनलेस स्टील, मँड्रेल बेंड (वळणावर न चेपलेले पाइप), सांध्यांना व्ही-बँड (खोलता येणारे क्लॅम्प). दोन मीटर स्टेनलेस ३०० अंश तापलं की सेंटीमीटरभर वाढतं. म्हणून लवचिक फ्लेक्स पाइप मूळ जागीच ठेवला आणि रबरी हँगर्स कंपनीचेच वापरले.

आता पावसाळा सरलाय. वेल्ड शाबूत आहेत, रंग सोनेरी-निळसर झालाय, एकच हँगर घट्ट करावा लागला. तीन हजारांच्या वर टर्बो लवकर फुगल्यासारखा वाटतो. गाडी डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) नेलेली नाही, त्यामुळे आकडा सांगत नाही. हायवेला आई घोरते. कटकट सकाळची. कॅट तापवायला इंजिन थंड असताना आयडल चढवतं आणि पार्किंगमध्ये ते मिनिटभर चांगलंच घुमतं. आता स्टार्ट केल्यावर लगेच हळूच बाहेर काढतो.

कायदा तुमच्या बाजूने नाही, हे मात्र धरून चाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज-प्रदूषणाला पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सवरही गंडांतर. मूळ सायलेन्सर आणि डाउनपाइप गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. व्ही-बँडमुळे मागची लाइन अर्ध्या दिवसात परत बसते. कात्रजच्या बोगद्यात काच खाली करायचा मोह होतो, पण ड्रोन मारल्यावर तिथे ऐकण्यासारखं फारसं उरलेलं नाही.