११२ सेवा, सातारा जिल्हा: गाडी आहे, तिच्यात बसणारं कोण?

फोन उचलण्याच्या बाबतीत ११२ला, म्हणजे पोलीस मदतीच्या आपत्कालीन क्रमांकाला, नावं ठेवायला जागा नाही. कॉल साताऱ्यात वाजतच नाही. तो नवी मुंबईच्या केंद्रात जातो, जोडीला नागपूरचं केंद्र आहे. तिथे ठिकाण आणि तक्रारीचा प्रकार नोंदवून इव्हेंट तयार होतो, तो साताऱ्याच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर येतो आणि कक्षातून जवळच्या गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे टॅबसारख्या यंत्रावर जातो. इथपर्यंत काम चोख. पुढचं सगळं हजेरी मास्तरच्या, म्हणजे ठाण्यात ड्युटी लावणाऱ्याच्या, वहीवर.

गाडीसाठी माणसं पोलीस ठाण्याच्याच संख्येतून निघतात. दोन जागा चोवीस तास भरायच्या म्हणजे आठवड्याला ३३६ मनुष्यतास. बारा तासांची ड्युटी आणि एक साप्ताहिक सुट्टी धरली, तर एक अंमलदार ७२ तास देतो. म्हणजे पाच माणसं लागली. आठ तासांची ड्युटी करायची तर सात. रजा, आजारपण, कोर्टाची साक्ष यात धरलेलं नाही.

आता समजा, ठाण्यात कागदावर ४५ अंमलदार आहेत. ठाणे अंमलदार आणि मदतनीस मिळून चार, लॉकअप गार्ड तीन, सीसीटीएनएसला (गुन्ह्यांच्या संगणकीय नोंदीला) दोन, मुद्देमाल, बारनिशी (आवक-जावक टपाल) आणि हजेरीला तीन, गोपनीय माहितीच्या कामाला एक, कोर्टाला दोन, समन्स-वॉरंटला तीन. साप्ताहिक सुट्टीवर रोज सहा, रजा आणि प्रशिक्षणात चार, दुसऱ्या शाखांना संलग्न चार. उरले तेरा. त्यांतूनच बीट, तपासाची मदत, रात्रगस्त, बंदोबस्त आणि ११२ची गाडी. संलग्न माणसाचा हिशेब सगळ्यात फसवा: पगारपत्रकात तो इथला, कामाला दुसरीकडे, आणि त्याची जागा रिक्त दिसत नसल्याने मागताही येत नाही.

जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा, तालुके ११. मंजूर पदं ठरताना लोकसंख्या आणि दाखल गुन्हे यांना वजन मिळतं, घाटवळणांना नाही. कराड शहरात एका गाडीला लागोपाठ कॉल येतात. ढेबेवाडी किंवा कोयनेच्या खोऱ्यात कॉल कमी, पण एका कॉलला जाऊन यायलाच निम्मी पाळी संपते. तेवढ्यात दुसरा कॉल आला की शेजारच्या हद्दीची गाडी शोधायची. दोन्हीकडे एकच मोजपट्टी लावली तर डोंगरातलं ठाणं कायम ‘कमी कामाचं’ ठरतं.

बंदोबस्ताचे दिवस वेगळेच. माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. त्या दिवसांत दूरच्या ठाण्यांतूनही माणसं तिकडे ओढली जातात. पौषात मांढरदेवची यात्रा असते. २००५च्या चेंगराचेंगरीनंतर तिथला बंदोबस्त हलका ठेवायची कुणाची छाती नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मागे राहिलेल्या ठाण्यात अशा वेळी ११२ला चालक आणि एकच अंमलदार मिळाला तर नवल नाही. हाणामारीच्या ठिकाणी एकट्याने उतरून करायचं काय?

भरतीने हे लगेच सुटत नाही. शिपाई भरती जिल्हा घटकानुसार होते. मैदानी, लेखी, कागदपत्रं आणि मग नऊ महिन्यांचं प्रशिक्षण. आज भरलेली जागा प्रत्यक्ष ड्युटीवर दिसायला वर्ष सहज उलटतं, तोवर निवृत्तीने आणखी जागा रिकाम्या होतात. त्यात १ जुलै २०२४पासून नव्या फौजदारी कायद्यानुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाची घटनास्थळी भेट. तपासासाठी चांगलंच, पण पथक येईपर्यंत जागा राखायला माणूस बसवावा लागतो. तो त्याच तेरातला.

वापरणाऱ्यांसाठी: कॉल घेणाऱ्याला तुमची वाडी माहीत नसते. तालुका आधी सांगा, मग गाव, मग फाटा, देऊळ किंवा शाळा. महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड आणि बाजू, पुण्याकडे जाणारी की कोल्हापूरकडे. खंबाटकीत बाजू चुकली तर गाडीला पुढून वळसा घालून यावं लागतं. फोन चालू ठेवा, कारण गाडीतला अंमलदार वाट विचारायला त्याच नंबरवर फोन करतो. बामणोलीकडे, कोयनेच्या पाणलोटात रेंज बेभरवशाची. तिथे पोलीस पाटलाचा आणि ठाण्याचा लँडलाईन नंबर भिंतीवर लिहून ठेवलेला बरा.

कॉल केंद्राला पाचपैकी साडेचार. गाडी पोहोचण्याला कराड-साताऱ्यात चार, पाटण-जावळीत अडीच. ते अडीचही चालकांच्या जोरावर.